काळाचौकीचा अमेरिकन कर्नल

मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत उभ्या असलेल्या मुलीने प्रेमात वगैरे पडू नये. एकतर शिंकांमधून उसंत मिळत नाही, आणि डोळे आधीच लालभडक झालेले असतात. पण आईला वर्षाचा मसाला याच गल्लीतल्या डंखावर, त्या धाडधाड आदळणाऱ्या यंत्रावर कुटून हवा असतो. दादरला काय मिरच्या मिळत नाहीत? पण नाही! म्हणून रविवारच्या भर दुपारी नाकाला ओढणी लावून मी नंबर यायची वाट बघत होते, आणि सगळ्या जगावर वैतागले होते.

तेवढ्यात माझ्या मागे एक अमेरिकन बोलू लागला.

अगदी अस्सल. जड, संथ आवाज, र चावून चावून बोलणारा. "सर, तुमचा त्रास मी समजू शकतो," असं तो इंग्रजीत फोनवर कुणालातरी सांगत होता... आणि इतक्या गोडीने, की ऐकणाऱ्याला खात्री पटावी, हा माणूस आपल्यासाठी काहीही करणार नाही. मी गर्रकन वळले. मागे एक उंच, सावळा मुलगा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बेडगी मिरच्यांची पिशवी.

"तुम्ही... अमेरिकन आहात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने फोन बंद केला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाही. काळाचौकी."

मी काही बोलणार तेवढ्यात शिंका सुरू झाल्या, त्या थांबेचनात. त्याने घाईघाईने खिशातून रुमाल काढून दिला. त्याच्या बोटांना मिरची लागली होती आणि बोटांची रुमालाला, हे मला तो डोळ्यांना लावल्यावर कळलं.

"अरे बापरे! सॉरी, सॉरी... पाणी आणू? तुमचा त्रास मी समजू शकतो—"

"हे वाक्य परत बोललात ना," मी आंधळ्यासारखी हात हलवत ओरडले, "तर ही पिशवी तुमच्या डोक्यावर ओतीन!"

तो हसला. तसं हसायला नको होतं त्याने.

मला अमेरिकन का हवा होता, ते सांगते. परळला एका जुन्या मिलच्या आवारात आमची गेम बनवणारी कंपनी आहे, आणि मी तिथे संवाद लिहिते. लहानपणापासून भावासोबत युद्धाचे गेम खेळत आले. दरवेळी तेच. अमेरिकेचे शूर सैनिक कुठल्यातरी धुळकट गावात उतरणार, आणि ज्यांना मारायचं ते सगळे सावळे, दाढीवाले, कर्कश ओरडणारे. दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा आपल्यासारखे! एकदा मी ज्याला मारलं तो हुबेहूब आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून क्रोसिन घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून आमच्या गेममध्ये मी उलटं केलं. कोकणकिनाऱ्याजवळचं एक काल्पनिक बेट, ते राखणारी कॅप्टन अंबिका, आणि ते बळकावायला आलेला अमेरिकन कर्नल डॉसन. तर आई म्हणते, "अगं, बकुळामावशीचा हेरंब तिकडे आहे. त्याच्या व्हिसाला काही झालं म्हणजे?" आणि माझा बॉस हर्षवर्धन म्हणतो, "आरोही, आयडिया बोल्ड आहे, पण कर्नलला आवाज कुठाय? शुक्रवारपर्यंत तो उभा राहिला नाही तर आपला आधीचा दाढीवाला आहेच. त्याचं चित्र तयार, आवाज तयार."

तो दाढीवाला परत आला असता ना, तर मी राजीनामाच दिला असता.

आणि आता मिरची गल्लीत मला कर्नल सापडला होता. नाव हितेंद्र राऊळ. कॉल सेंटरमध्ये नव्या पोरांना अमेरिकन बोलायला शिकवायचा. सोमवारी तो स्टुडिओत आला. काचेपलीकडे त्याने कानाला हेडफोन लावला, मी लिहिलेला कागद समोर धरला. काचेअलीकडे मी आणि आमची साउंडवाली मनू. संवाद इंग्रजीत होते, तुम्हाला मराठीतच सांगते, म्हणजे माझा वैताग नीट पोहोचेल.

कागदावर होतं, 'या बेटावर आता माझं राज्य आहे! हा हा हा!'

हितेंद्र त्या जड, संथ आवाजात म्हणाला, "नमस्कार. तुमचं गाव जाळावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. आणखी काही मदत हवी असल्यास जरूर कळवा."

मनू खुर्चीवरून पडायची बाकी होती. मी बटण दाबलं. "कागदावर लिहिलंय ते वाचाल का प्लीज?"

"वाचलं की."

"मग बोला ना ते!"

"बोलतो," तो म्हणाला, आणि तिसरंच काहीतरी बोलला. पुढच्या वेळी चौथं. स्वल्पविराम बदलला तरी माझं डोकं फिरतं, आणि हा माणूस माझं एक वाक्य धड उच्चारायला तयार नव्हता! संध्याकाळी मी त्याला गेटबाहेरच्या टपरीवर गाठलं.

"तुम्हाला कागद दिसत नाही का?"

"दिसतो. पण सवय नाही." त्याने चहाचा ग्लास माझ्यापुढे केला. "बाबा दशावतारात राक्षस करायचे. तिथे कागद नसतो. आज कोण कोणाशी लढणार, एवढं सांगतात. बाकी ज्याने त्याने आपल्या मनाने बोलायचं. मीपण तसाच शिकलो. आणि समोर कोणीतरी लागतं. समोरच्याने टोचलं की सुचतं. तुम्ही मला काचेच्या खोलीत कोंडून भिंतीशी भांडायला लावताय."

"हा दशावतार नाहीये!"

"रागावणार नसाल तर एक बोलू?"

"मी रागावलेलीच आहे."

"मग बोलतोच." त्याने ग्लास खाली ठेवला. "तुम्ही नुसती टोपी बदललीत. त्यांच्या गेममधला दाढीवाला जसा उगाच ओरडतो, तसाच हा तुमचा कर्नल. मी इतकी वर्षं रात्रभर बोललोय यांच्याशी. एक आजी होती ओहायोची. रिमोट बिघडला म्हणून सारखी फोन करायची. रिमोटला काही झालेलं नसायचं. माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि ठेवायची. आणि दुसरे असतात... सावकाश, हसून, सर-सर करत बोलतात, आणि त्याच फोनवर तुमची नोकरी घालवतात. डॉसन त्यातला आहे. तो कशाला ओरडेल? त्याला वाटतंय, तो बेटाचं भलंच करतोय."

मी चहा तसाच टाकून निघून आले. तो चुकीचं बोलला असता तर परवडलं असतं. बरोबर बोलला होता, त्याचाच संताप आला होता मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेले... म्हणजे भांडायलाच गेले होते. काळाचौकीच्या चाळीत, गॅलरीतल्या खुर्चीवर त्याचे बाबा गुणाजीकाका बसले होते. त्यांनी माझ्या कर्नलची सगळी गोष्ट डोळे मिटून ऐकली.

"राक्षस स्वतःक राक्षस समजणा नाय, बाय," ते म्हणाले. "तो राजाच असता. तेका हा हा हा करूक कित्याक लावतस? आणि समोर कोण हा?"

"समोर कोणी नाही. तो एकटाच बोलतो."

"मग भांडतलो कोणाबरोबर?"

असं विचारून त्यांनी माझ्याकडे बघितलं. हितेंद्रनेही बघितलं. मी गॅलरीतल्या तुळशीकडे बघू लागले.

अशी मी त्याच दुपारी त्या काचेच्या खोलीत गेले. मी कॅप्टन अंबिका, हातात बंदूक म्हणून मनूची छत्री. आधी मराठीत भांडायचं, रंग चढला की इंग्रजीत, असं ठरलं. खोली एवढीशी. त्याच्या शर्टाला अजून मसाल्याचा मंद वास येत होता, की मलाच येत होता, कोण जाणे.

"कॅप्टन, बंदूक खाली ठेवा," तो डॉसनच्या आवाजात म्हणाला. "आपण चहा घेऊ."

"न बोलावता आलेल्यांना आमच्या बेटावर चहा देत नाहीत."

"मग काय देतात?"

"मिरची."

"ती तुम्हीच खाल्लेली दिसते..." तो थांबला. "गालांवर उतरलीय."

"हे... हे डॉसन बोलणार नाही!"

"नाही. हे मी बोललो."

काचेपलीकडे मनूने तोंडावर हात धरला. मी छत्री उघडूनच बसले होते, तीही खोलीच्या आत.

तीन दिवस आम्ही भांडलो. असा छळ माझा कुणी केला नव्हता. मी एक बाण मारावा तर तो शांतपणे आभार मानायचा, आणि त्या आभारांनी असं काही झोंबायचं की मला त्याहून धारदार सुचायचं. डॉसन हळूहळू माणूस होत गेला. सभ्य, हसरा, आणि अंगावर काटा आणणारा. मी कागदावर संवादांच्या जागी मोकळ्या ओळी सोडू लागले. मी! संध्याकाळी तो मला बस स्टॉपपर्यंत सोडायला यायचा, आणि बस आली की म्हणायचा, "ही जाऊ दे. गर्दी आहे." बस अर्धी रिकामी असायची. मीही ती जाऊ द्यायचे, आणि घरी गेल्यावर स्वतःवरच चिडायचे.

कारण मला पुढचं दिसत होतं. शुक्रवारी कर्नल हर्षवर्धनला आवडला नाही तर दाढीवाला येणार आणि हितेंद्र जाणार. आवडला तर काम संपणार, आणि तरीही हितेंद्र जाणारच. मला दाढीवाला नको होता, हे खरं. पण त्याहून खरं हे, की मला हितेंद्र हवा होता. आणि कर्नलशिवाय त्याला भेटायला माझ्याकडे दुसरं काही निमित्तच नव्हतं.

शुक्रवार आला. हर्षवर्धन मनूशेजारी येऊन बसला, दाढीवाल्याची फाइल समोर उघडी ठेवून. शेवटचा प्रसंग होता. बेटाचा धक्का, कर्नल हरलेला, कॅप्टनची बंदूक त्याच्यावर रोखलेली.

"मी तुम्हाला रस्ते बांधून दिले," डॉसन इंग्रजीत म्हणाला. अगदी हळू. "दवाखाना बांधून दिला. तरी तुम्ही माझ्याकडे असं का बघता?"

"कारण आम्ही तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"एकानेही नाही?"

"एकानेही नाही."

त्याने मान खाली घातली. मग वर बघितलं. त्या बघण्यात बेट गमावलेला माणूस होता, आणि का कोण जाणे, मला वाईट वाटलं त्याच्यासाठी. इतकी वर्षं गेममध्ये गोळ्या झाडल्या, पण समोरच्यासाठी गलबलून आलं नव्हतं कधी. काचेपलीकडे हर्षवर्धन उभा राहिला होता. आता फक्त मी गोळी झाडायची होती. मी छत्री रोखली. श्वास घेतला...

आणि हितेंद्रच्या चेहऱ्यावरून अमेरिकन गळून पडला.

"आरोही," तो म्हणाला, "माका तू खूप आवडतंस."

मग स्पीकरमधून मनूचा आवाज आला. "कर्नल... मालवणीत का बोलतोय?"

"तुला काही अक्कल?" मी छत्री खाली आपटली. "इतका सुंदर टेक! इतका! आठवडाभर मी जीव काढला, बाहेर बॉस बसलाय, आणि शेवटच्या क्षणी... आत्ता? हे आत्ता बोलायचं असतं?"

"घाबरलो," तो एवढंसं तोंड करून म्हणाला. "कर्नल आज मेला, तर उद्या मी कुठल्या तोंडाने येणार होतो इथे?"

माझीच भीती, त्याच्या तोंडून. मला रडूच आलं. त्याने खिशात हात घातला.

"तो रुमाल नको!" मी ओरडले.

"धुतलाय. शप्पथ."

मी रुमाल घेतला. पुढे काय बोलावं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं लिहून दिलेल्या मला एक वाक्य सापडेना. शेवटी जे आलं ते बोलून टाकलं.

"मलापण तू आवडतोस. मिरची गल्लीपासून. आणि आता गप्प बस, हे सगळं रेकॉर्ड होतंय."

हर्षवर्धनने सगळं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मी श्वास घेते तिथे थांबवलं. "इथे कापा," तो मनूला म्हणाला. "श्वास राहू दे. त्यावर गोळीचा आवाज टाका." आणि दाढीवाल्याची फाइल बंद केली. मला वाटतं तो हसत होता, पण बॉस असल्यामुळे त्याने ते लपवलं. हाताशी असावा म्हणून अजून एक टेक घ्यायचं ठरलं, पण काही उपयोग झाला नाही. डॉसन कानापर्यंत हसत होता. असला खलनायक कुणाला भीती घालणार?

गेम दिवाळीत आला. पहिल्यांदा तो खेळले ते काळाचौकीला, राऊळांच्या टीव्हीवर. गुणाजीकाका खुर्चीवर, हितेंद्र जमिनीवर, कंट्रोलर माझ्याकडे. धक्क्यावरचा प्रसंग आला. डॉसनने मान वर केली, अंबिकेने बंदूक रोखली आणि तो लांब श्वास सगळ्या खोलीला ऐकू आला.

"ही तेका मारूची नाय," गुणाजीकाका म्हणाले.

"मारते काका! आत्ता मारते, बघा तर," मी वैतागून म्हणाले आणि बटण दाबलं. गोळी सुटली, कर्नल कोसळला.

"बघितलंत?"

काका टीव्हीकडे बघतच नव्हते. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते, जो केव्हापासून हितेंद्रच्या हातात होता.