शेवटच्या खोलीतला संगणक

टोपण कुणी काढलं, असं विचारत हेनिंग दारात उभा राहिला, तेव्हा मारितच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि ते इवलंसं टोपण तिच्याच टेबलावर, कॉफीच्या कपाशेजारी. नाही म्हणायची सोयच नव्हती.

उमेओ शहरातल्या त्या विद्यार्थी वसाहतीत एकच केबल खोल्याखोल्यांतून फिरत विद्यापीठाच्या नेटवर्कला जाऊन मिळे. मारितची खोली शेवटची, म्हणून केबलचं तोंड तिथे टोपणाने बंद केलेलं; ते निघालं की सगळी केबलच निकामी. बाईसाहेबांनी ते उपटलं आणि केबल थेट घरून आणलेल्या जुन्या संगणकात खुपसली. झालं, बाराही खोल्यांचं नेटवर्क आडवं!

नेटवर्कची जबाबदारी हेनिंगवर, त्यामुळे तो चांगला तणतणत आला होता. पण बूट काढून आत पाऊल टाकलं तर एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात करडा... मारितला हसू आवरेना, आणि बिचाऱ्याचा राग तिथेच विरघळला.

संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात बैठक भरली. रीतसर हात वर करून ठरलं, की मारितने शुक्रवारपर्यंत संगणक नीट जोडावा; नाहीतर सुट्टीपर्यंत तिची जोडणी बंद. कुणीतरी म्हणालं, ते धूड भंगारात दे. मारित उसळलीच. वडिलांनी लाकूड कापायच्या गिरणीत जादा पाळ्या करून घेतलेला संगणक तो. जोडायचा म्हणजे जोडायचाच, तोही स्वतःच्या हाताने! हेनिंगने फक्त सांगायचं.

तो रोज पाचला येऊ लागला. बाहेर वितळत्या बर्फाचं पाणी टपटपत असे, आत वेलदोडा घातलेल्या बनपावांचा वास. सोमवारी संगणकात नेटवर्कचं नवं कार्ड बसेना. मंगळवारी बसलं, पण संगणकाला ते दिसेना. बुधवारी केबलचा जोड धरताना दोघांची बोटं एकमेकांना लागली.

"हात कापतोय तुझा," ती म्हणाली.

"थंडी आहे."

"हीटरला टेकून बसलायस की रे."

त्याचे कान लालेलाल झाले. गुरुवारी त्याची परीक्षा होती, म्हणून तो आला नाही.

शुक्रवारी मारितने गंभीर चेहऱ्याने जोड बसवला, त्याच्या दुसऱ्या तोंडाला टोपण लावलं, बटण दाबलं. पडद्यावर विद्यापीठाचं नाव उमटलं. तिने टाळी वाजवली... जरा जास्तच जोरात.

"कालही जमलं होतं," हेनिंग हळूच म्हणाला. "सव्वाचारला. कुठला संगणक केव्हा जोडला, त्याची नोंद होते. सकाळीच पाहिली मी."

मारितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माघार घेईल ती मारित कसली?

"हो, जोडला आणि परत काढून ठेवला," ती म्हणाली. "काम झालं म्हटल्यावर तू आज आला नसतास. पण तुला ठाऊक होतं, तर तू कशाला आलास?"

"उद्यापासून यायला निमित्तच उरणार नव्हतं... आजचा दिवस तरी सोडायचा नव्हता मला."

"निमित्त कशाला हवंय? मला तू आवडतोस, हेनिंग. तेवढं पुरेल?"

पुरेल म्हणायला त्याला बराच वेळ लागला. पण तिचा हात त्याने त्याआधीच धरला होता, आणि या वेळी त्याचा हात मुळीच कापत नव्हता.