तिच्या ओठांची चित्रं

देवश्रीने चुकीचं दार उघडलं. रायपूरच्या तात्यापारा भागातल्या त्या स्टुडिओत गाण्याची खोली डावीकडे होती, ही गेली उजवीकडे. आत एक चांगला दाढीबिढी राखलेला तरुण हातात आरसा धरून स्वतःलाच ‘आ… ऊ… ई’ करून दाखवत होता.

तिला हसू आवरेना.

“काहून हसून राहिल्या? काम आहे ना माझं!” तो कानापर्यंत लाल झाला. “ओठ काढतो मी. चित्रातले.”

“अस्सं… मले वाटलं, दाढ दुखून राहिली.”

त्याचं नाव भार्गव. नदी शोधायला निघालेल्या एका पोरीचा, हाताने चित्रं काढून केलेला एक जुना सिनेमा होता. रायपूरची कितीतरी पोरं तो बघत मोठी झाली. त्याच्या शेवटच्या गाण्याची रीळ कुजली होती. चित्रं गेली, आवाजही गेला. चाल तेवढी लोकांच्या तोंडी राहिली. स्टुडिओ आता ते गाणं जुन्याच रीतीने पुन्हा करत होता. आधी गाणं, मग त्या गाण्यावर एकेक चित्र. देवश्री गाणार, आणि तिच्या तोंडाकडे बघून भार्गव त्या पोरीचे ओठ काढणार.

आता रोज एक माणूस आपल्या ओठांकडे टक लावून बसला, तर कुठल्या मुलीचा सूर जागेवर राहील? त्यात आवाज नको म्हणून कूलर बंद. वैशाखाच्या उकाड्यात दोघंही घामाने निथळत, आणि देवश्री भलत्याच ओळीवर अडखळे.

“असं एकटक काय पाहता?”

“पगार भेटते त्याचा.”

“आणि सुटीच्या दिवशी?”

“तेव्हा… फुकट पाहीन म्हटलं. तू हो म्हणशील तर.”

ती हो म्हणाली नाही. पण रविवारी ब्राह्मणपारा भागातल्या देवळाबाहेर ती नवा कुर्ता घालून उभी होती, आणि वेळेच्या आधी आली होती.

एक गोष्ट मात्र तिने त्याच्यापासून लपवली. तिच्या गळ्यात गाठ होती. कॅन्सरची. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं होतं, कदाचित स्वरयंत्रही काढावं लागेल म्हणाले होते. गाणं पुरं होईपर्यंत थांबा, असा हट्ट तिनेच धरला. घरी आई डोळे पुसत पोळ्या लाटायची, आणि ही रियाजाला बसायची.

गाणं झालं. चित्रंही झाली. भार्गवने तिला पडद्यासमोर बसवलं. चित्रातली पोर गाऊ लागली, आणि वरचा सूर आला की दर वेळी मान किंचित डावीकडे कलवून डोळे मिटू लागली. इतकं गोड, की बघणारा विरघळावा.

“ही तुझी अदा,” तो हळूच म्हणाला. “सगळ्यात जास्त जीव लावला मी हिच्यावर.”

वर सूर लावला की देवश्रीची गाठ ठणकायची, म्हणून मान कलायची. तिचं दुखणं त्याने केवढ्या प्रेमाने काढलं होतं!

“अदा नाही ते, भार्गव…” आणि तिने सगळं सांगितलं.

भार्गव पडद्याकडे वळला. “रोज पाहत होतो मी तुले. आन् मले एवढंही नाही दिसलं?” मग एकदम उठला. “पुसतो. सगळी नवीन काढतो.”

“नको. राहू दे. तशीच गायले मी.”

ऑपरेशन झालं. थांबायला नको होतं, असं डॉक्टर आईला म्हणाले. गाठीबरोबर स्वरयंत्र गेलं, आणि पुढच्या उपचारांचीही खात्री कुणी देईना.

काही दिवसांनी एका दुपारी भार्गव दवाखान्यात आला. पट्ट्यांनी बांधलेला तिचा गळा बघून दारातच थबकला. त्याने आपल्यासाठी आयुष्य जाळावं, हे तिला नको होतं. तिने नुसते ओठ हलवले. ‘तू जा.’

“काय?” तो म्हणाला.

‘जा. दुसरी बघ.’ तिने एकेक अक्षर सावकाश ओठांनी दाखवलं. डोळे भरले होते, हुंदक्यालाही आवाज नव्हता.

भार्गवने स्टूल ओढून तिच्या उशाशी घेतलं. बसला. तिचा हात हातात धरला.

“काय म्हणून राहिली, समजूनच नाही राहिलं मले.”

या माणसाने तिच्या ओठांतून सुटलेला एकेक शब्द कागदावर उतरवला होता.

‘खोटारडा,’ तिचे ओठ हलले.

“हव,” भार्गव म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरलं नाही.