हरकऱ्यांच्या गाडीची गळती

निखिल, तो मोबाइल आधी उलटा ठेव. आणि अमृता, तू पांघरूण नीट घे, मधेच थंडी वाजते म्हणून उठायचं नाही. ऐकायचं तर सगळं ऐका, नाहीतर आत्ताच खाली जाऊन झोपा. मी काही मनानं रचून सांगत नाहीये. सत्यजित हरकरे कारखान्यात माझ्या शेजारीच फिटर होता. त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि त्याच्या बायकोच्या, वैशालीच्या तोंडूनही. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही.

गेल्या वर्षीची तेरा जानेवारी, भोगीची रात्र. संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर सत्यजित गोविंदपुऱ्यात गेला, एक ऑइल सील आणायला. साधं काम. त्याच्याकडे एक्क्याण्णव सालची आठशे सीसीची गाडी होती, वडिलांनी घेतलेली. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ती. गिअरबॉक्समधून दोन्हीकडे एकेक शाफ्ट निघतो, म्हणजे लोखंडी दांडा, तो चाक फिरवतो. दांडा जिथून बाहेर पडतो तिथे ही रबराची कडी बसवतात, आतलं तेल अडवायला. कडीला चीर गेली की सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं.

दुकानदार त्याला पाहूनच हसला. "को खाँ, फिर वही सील? मिस्तरी बदलो यार, तुम्हारा मिस्तरी निकम्मा है।"

सत्यजितनं मुकाट्यानं पैसे दिले. मिस्तरी तोच होता ना! आपल्या कारखान्यातल्या लोकांची खोड ठाऊक आहे तुम्हाला. डोंगराएवढी यंत्रं जुळवणारे आपण, घरची गाडी परक्याच्या हातात देऊ? नाक कापलं जाईल! तुझा बाप नाही का, निखिल, मिक्सर स्वतःच उघडतो आणि दोन स्क्रू उरवतो.

पण अडचण खोडीची नव्हती. ते काम दोघांचं. एक जण गाडीखाली आडवा पडतो. दुसरा बाहेर, चाक काढलेल्या जागी उकिडवा बसून हब ओढून धरतो. चाक ज्यावर बसतं तो हब, ब्रेकसकट चांगला जड. तो बाहेर धरला तरच दांडा सरळ आत जातो. मधेच सोडला की दांडा तिरका होतो, त्याचे दाते सीलला लागतात आणि नवी कोरी सील जागच्या जागी चिरते. म्हणून त्या घरात एकच नियम होता. खालचा "सोड" म्हणेपर्यंत बाहेरच्यानं सोडायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तर नाहीच.

बाहेर बसायची ती त्याची लेक, जुई. एकुलती एक. बाकीच्या पोरी रविवारी बिट्टन मार्केटला चाट खायला जायच्या, ही बापाबरोबर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात काळे करून बसायची. "बाबा, पकडलंय, तुम्ही निवांत करा," म्हणायची. हात दुखले असं एकदाही म्हणाली नाही पोर. त्या भोगीच्या आधीच्या पावसाळ्यात तिला ताप आला. साधा ताप. आठवड्याच्या आत गेली... सोळा वर्षांची. मी होतो स्मशानात.

मग काय? सत्यजित एकटाच गाडीखाली जायला लागला. हबला दोरी बांधून पोर्चच्या खांबाला ताणायचा. दोरी ती, ऐन वेळी ढिली पडायची. सील चिरायची. मला बोलाव म्हटलं तर म्हणायचा, "नको दिलीप, ती जागा जुईची आहे." डिसेंबरात त्याच तेलावरून वैशालीचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. तिनं निक्षून सांगितलं, "ही शेवटची सील. संक्रांतीच्या सकाळी तेल दिसलं तर भंगारवाल्याला बोलावणार. मला ती गाडी डोळ्यांसमोर नकोय हो आता, सहन होत नाही."

चूक तिची नव्हती. त्याचीही नव्हती. त्या गाडीच्या सीटवर पोरीचे केस होते, आरशाला तिचं रबरबँड होतं. गाडी गेली असती तर त्याच्याकडे जुईचं म्हणावं असं काय राहिलं असतं?

जेवण झाल्यावर तो कामाला लागला. वैशाली गोळी घेऊन आत झोपली होती. गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले, चाक काढलं, दोरी ताणली, बल्ब टांगला. थंडी अशी की पाना हाताला चिकटत होता. आपल्या इंद्रपुरीत अकरानंतर कुत्रंसुद्धा भुंकत नाही त्या दिवसांत. नवी सील त्यानं अलगद बसवली. दांडा दोन्ही हातांत घेतला. आणि बाहेर दोरी सुटली. हब आत सरकला.

दोन्ही हात अडकलेले. सवयीनं तोंडातून गेलं...

"जुई, ओढ."

बोलला आणि त्यानं जीभ चावली.

हब हलला.

बाहेरच्या बाजूला... हळूहळू... ती ओढायची तसाच. झटका नाही. घाई नाही. आणि पूर्ण बाहेर जाऊन थांबला.

सत्यजितनं मान वळवली. गाडीखालून बाहेरची फरशी दिसते. माणूस बसला असेल तर त्याचे पाय दिसतात. दोरी खाली पडली होती. पाय... नव्हते.

"मग काका, हब कशानं..."

गप, अमृता.

त्यानं दांडा ढकलला. सरळ गेला. टक्क झालं आतून. बसला! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बसला. काम झालं होतं. आता फक्त एक शब्द म्हणायचा राहिला होता.

त्यानं तोंड उघडलं...

आणि मिटलं.

कळतंय ना? म्हटलं की ती सोडणार. सोडलं की जाणार. मला म्हणाला, "दिलीप, एकदा माझ्या हातांतून गेली, ती काही मला विचारून नाही गेली. आता विचारत होती. मी कसं म्हणू?"

तो तसाच पडून राहिला. छातीवर हात घेऊन. हब बाहेर. वर बल्ब.

किती वेळ गेला देव जाणे.

मग हब थरथरायला लागला.

बारीक. ब्रेकची पट्टी वाजायला लागली... किणकिण... किणकिण... हातात जड वस्तू धरून माणूस दमला की हात कापतात ना... तसं.

दार वाजलं. वैशाली शाल गुंडाळून बाहेर आली. "अहो, झालं का?" म्हणाली. आणि थबकली. तिनं खाली पडलेली दोरी पाहिली. कापणारा हब पाहिला. तिला काही सांगावं लागलं नाही. आई होती. खाली बसली.

"अहो... दुखतायत हो तिचे हात."

ती गाडीखाली वाकली.

"म्हणा ना."

...

"मग जाईल ती," तो म्हणाला.

"जाऊ द्या! अहो, लेकरू आहे ते, किती वेळ धरेल? कधी नाही म्हणाली का तुम्हाला? कसले बाप आहात हो तुम्ही!" ती हबकडे सरकली. मोडका हात पुढे केला. "सोड गं राणी. मी सांगते. सोड..."

नाही सोडलं.

घरचा नियम. आईचं नव्हतं ऐकायचं.

वैशाली डोकं आपटायला लागली फरशीवर. आणि सत्यजितनं काय करावं? त्यानं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं. न जाणो, चुकून निघायचा शब्द.

किणकिण... पहाट झाली तरी थांबेना.

सकाळी गाडीखाली तेलाचा ठिपका नव्हता. भंगारवाल्याला परत पाठवलं. वैशाली महिन्याभरात नागपूरला भावाकडे गेली. ती परत यायची नाही. मी समजावून पाहिलं. म्हणाली, "भावजी, मला तो आवाज ऐकवत नाही." सत्यजितनं नोकरी सोडली. चाक परत बसवलं नाही, हब अजून तसाच बाहेर. बसवायचं तर हब आत घ्यावा लागेल ना. तिथेच पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतो. दाढी वाढलीय. बोलत नाही कुणाशी, न जाणो काय तोंडून जाईल म्हणून.

परवा संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो होतो. म्हटलं, "सत्या, वर्ष झालं रे. लेकरावर दया कर." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला मारायला निघालो होतो. मी उठलो. निघताना माझा हात फरशीला लागला, हबच्या बाहेरच्या अंगाला, जिथे ती बसायची.

फरशी ओली होती.

एवढ्या कोरड्या थंडीत... हातभर जागा. मला वाटलं, गळतंय परत. बोटावर घेतलं. तेलकट नाही. वास नाही. आमची फिटर लोकांची सवय वाईट, बोट जिभेला लावलं.

खारट होतं.