दौंड आलं का?

माझा जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, वडील इंजिनावर होते. त्यामुळं असेल, कंपनीनं परदेशात मशिनं बसवायला धाडलं की सुट्टीच्या दिवशी मी तिथल्या मेट्रोत बसायचो आणि या टोकाहून त्या टोकाला जाऊन यायचो. दुसरा शौक नव्हता.

२००२ साली बर्लिनमध्ये दुपारची गाडी जवळजवळ रिकामी होती. समोरच्या बाकावर हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली होती. बाहेर बर्फ, आणि हिचे पाय अनवाणी. वाटलं, कुणा मुलाकडं आली असेल. ती वाकून म्हणाली, "बाळा, दौंड आलं का रं?"

मला हसू आलं. "लई लांब राहिलं की, आजी. तुमच्यासंगं कोण हाय?"

पुढच्या स्टेशनावर माणसं चढली, त्या गर्दीत ती दिसेनाशी झाली. म्हातारी चुकलीय म्हणून मी स्टेशनात सांगितलं. त्यांना कुणी सापडलं नाही.

पुढच्या वर्षी सिंगापूरला ती थेट माझ्या शेजारी बसलेली होती. तेच लुगडं. ओल्या कोळशाचा वास येत होता.

"दौंड आलं का?"

"कुणाकडं जायचंय, आजी?"

"विठाबाईकडं."

विठाबाई माझ्या आईचं नाव.

"न्हाई आलं," मी म्हणालो. "अजून लई लांब हाय."

तिनं मान हलवून डोळे मिटले. मी पुढच्याच स्टेशनावर उतरलो आणि दौंडला फोन लावला. आई हसली. "मला काय धाड भरलीया?"

तरी मी काम अर्धं टाकून घरी निघालो. पुण्याला बहीण मोनाली घ्यायला आली होती. दुपारच्या शटलमध्ये बसलो. पाटसच्या अलीकडं माझा डोळा लागला.

जाग आली ती मोनालीच्या आवाजानं.

"व्हय आजी, आलंच आता दौंड."

गाडी थांबत होती. दारातल्या गर्दीत हिरवा पदर दिसला आणि खाली उतरला.

"कोण व्हती?"

"म्हातारी. दादा, तू झोपला व्हतास म्हणून मला इचारलं तिनं."

आम्ही पळत सुटलो.

घराचं दार उघडं होतं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून चटईवर बसली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ऊब होती. श्वास नीट चालला होता. मला रडू फुटलं.

"आई, कोण आलं व्हतं?"

"आली व्हती की ती. म्हणली, विठा, तुझी जागा धरलीया."

"कुठं?"

"गाडीत."

"मी तुला जाऊ द्यायचो न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती, आणि तिची नजर भराभर सरकत होती, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला.

तिचं अंग सावकाश डुलत होतं. धावत्या गाडीत बसलेल्या माणसाचं डुलतं तसं.

मोनालीनं आईचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

डुलणं थांबलं नाही. हळूहळू त्याला वेग येत गेला.