जुन्या वाटेवरच्या तीन खुणा

उद्या सकाळी तुमच्या हातात रंगाचे डबे देणार आहे. लाल, पांढरा आणि करडा. लाल-पांढरा कुणालाही मारता येतो. करड्याबद्दल आज सांगतो. ती ग्राप्पा दारूची बाटली ठेवा बाजूला. पळून जात नाही ती.

गेलिंदोला तुमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही. मी त्याच्याबरोबर चोवीस वर्षं काम केलं. सांगतो ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे. गेलिंदो आयुष्यात खोटं एकदाच बोलला. त्या एकदाचीच ही गोष्ट.

गेलिंदो गवंडी होता, खाली रिवाल्ता गावचा. चौथीनंतर शाळेत गेला नाही, पण हात सरळ. डोंगराचं राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून उन्हाळ्यात मोटारी भरभरून माणसं येतात. धबधबा बघतात, तळ्याकाठी फोटो काढतात, आईस्क्रीम खातात आणि जातात. त्यातली थोडी वर चढतात. त्यांना डोंगर कळत नाही, खूण कळते. दगडावर वर पांढरा पट्टा, खाली लाल. एवढ्यावर माणूस आपला जीव सोपवतो.

गेलिंदोचे पट्टे सुतात धरून मारल्यासारखे असायचे. बेप्पी म्हणून त्याचा जोडीदार होता. तो गुत्त्यात चारचौघांत म्हणायचा, "ह्याचे पट्टे बघून रानबकऱ्यासुद्धा एका रांगेत चालतात." गेलिंदो हसायचा नाही. पण त्याला ते आवडायचं.

एका वसंतात पाचशे चौदा नंबरच्या वाटेवर दरड कोसळली. दोनशे पावलं वाट खाली गेली. वाटा सांभाळणाऱ्या आपल्या मंडळानं अलीकडच्या वळणापासून वरून नवी वाट काढली. अशा वेळी नियम काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. जुन्या वाटेवरची एकेक खूण करड्या रंगानं मिटवायची. एकही शिल्लक ठेवायची नाही. वळणापासून दरडीपर्यंत अकरा खुणा होत्या. जूनमध्ये बेप्पी नव्या वाटेवर गेला, गेलिंदो जुन्या.

आठ खुणा झाल्या आणि डबा संपला. वरून पाऊस आला. गेलिंदोनं विचार केला, वळणावर ओंडके आडवे टाकले आहेत, पहिल्या आठ खुणा मिटल्या आहेत, आत इथवर कोण येतंय? नंतर येऊन उरलेल्या तीन करू. खाली आला. बेप्पीनं विचारलं, झाल्या का. तो म्हणाला, झाल्या. कामाच्या वहीत त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, अकरा.

नंतर गवताची कापणी आली, मग कुणाचं तरी छप्पर आलं, मग बर्फ. बर्फानं ओंडके खाली लोटले. पुढच्या उन्हाळ्यात गेलिंदो त्या वळणावरून चार वेळा गेला असेल. प्रत्येक वेळी आठवण झाली. प्रत्येक वेळी घाई होती.

बावीस ऑगस्टला मिकेला नावाची एक बाई एकटी वर गेली. शेहेचाळीस वर्षांची, खाली मैदानी मुलखातल्या एका गावातली नर्स. दुपारनंतर धुकं उतरलं. ती वळण चुकली. आता ऐका. चुकलेला माणूस थोडा वेळ भटकतो आणि मागं फिरतो. मागं फिरला की वाचतो. पण तिला पुढं दगडावर खूण दिसली. पांढरा आणि लाल. मग दुसरी. मग तिसरी. तिसरीच्या पुढं चार हात जमीन होती आणि मग नव्हती.

दुसऱ्या दिवशी बचाव पथकानं तिला वर काढलं. पथकात गेलिंदो होता. स्ट्रेचरचा दोर त्यानंच बांधला. बांधता बांधता त्यानं मान वर केली. कड्याच्या तोंडाशी त्याची खूण होती. वर्ष झालं तरी रंग उडाला नव्हता. पट्ट्यांच्या कडा सरळ होत्या.

त्या रात्री तो करडा डबा घेऊन एकटा वर गेला आणि तिन्ही खुणा मिटवून आला. दोन दिवसांनी चौकशीला माणसं आली. त्यांना अकरा करडे दगड दिसले. त्यांनी कागदावर लिहिलं की बाई स्वतःहून वाट सोडून भरकटली.

तिचा बाप म्हणजे मास्तर ओत्ताव्यो. प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बायको आधीच गेलेली, मुलगी एकच. ते दर ऑगस्टला बसनं रिवाल्त्याला यायचे. ज्यांनी मुलीला वर काढलं त्या प्रत्येकाच्या दारी जायचे. गेलिंदोकडे बिस्किटांचा डबा ठेवायचे आणि टोपी हातात घेऊन आभार मानायचे. आभार मानून झाले की तेच विचारायचे.

"माझी मिकेला रिकामा रस्तासुद्धा पट्ट्यांवरूनच ओलांडायची. शेजारी हसायचे तिला. तिनं वाट कशी सोडली, गेलिंदो? लोक म्हणतात निष्काळजी होती."

"धुकं होतं, मास्तर. धुक्यात होतं असं."

तीन वर्षं हेच उत्तर. मास्तर मान हलवायचे आणि बस पकडायला जायचे. बिस्किटं गेलिंदो कोंबड्यांना घालायचा. त्याची बायको तोंड वाजवायची, की एवढी लोण्याची बिस्किटं, आणि हा मेला मला एक चाखू देत नाही. तो ऐकून घ्यायचा.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, शनिवारी, गेलिंदो वर चढणाऱ्यांच्या मुक्कामाच्या झोपडीचं पाणी बंद करायला गेला. थंडी पडण्याआधी नळ रिकामा केला नाही तर फुटतो. साधं काम. बायकोला सांगून गेला की मक्याचा पोलेंटा गरम ठेव, आठला घरी येतो.

झडप गंजून बसली होती. ती फिरवता फिरवता सव्वासहा वाजले. उतरायला लागला तेव्हा उजेड मावळत होता. अर्ध्या तासात धुकं आलं. त्यानं कपाळावरचा दिवा लावला. दिव्याच्या उजेडात फक्त धुकंच दिसत होतं. पण वाट त्याची होती. प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा. तो चालत राहिला.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की बराच वेळ खूण दिसलेली नाही.

थांबला. दिवा इकडं फिरवला, तिकडं फिरवला. काही नाही. दहा पावलं गेला. वीस गेला. साठ वर्षांचा डोंगरातला माणूस, एकेक दगड हातानं चाचपू लागला. आणि मग डाव्या हाताला दगडावर पांढरा पट्टा दिसला, खाली लाल. त्याचा जीव भांड्यात पडला. तो खुणेकडं वळला. पुढं दुसरी दिसली. तिच्याजवळ गेला.

आणि त्याच्या पायांना कळलं.

नवी वाट तिथं उतरते. ही सपाट होती.

त्यानं दगडावर हात ठेवला. पट्टा कोरडा होता. कड सरळ. ही खूण त्यानं मिटवली होती. अंधारात, स्वतःच्या हातानं, दोनदा रंग देऊन...

तेव्हा मागून आवाज आला.

टक. टक.

चालायच्या काठ्यांची टोकं दगडावर वाजतात तसा. कुणीतरी येत होतं. सावकाश. पहिल्या खुणेपाशी आवाज थांबला.

"खूण आहे," बाईचा आवाज म्हणाला. हळू. स्वतःशीच बोलल्यासारखा. सुटल्यासारखा.

टक. टक.

गेलिंदोला मान वळवता आली नाही. ते त्याच्या कोपराजवळून गेलं. ओल्या कापडाचा गारवा लागला. पुढच्या धुक्यात दिवा नव्हता, माणूस नव्हता. फक्त काठ्या. तिसऱ्या खुणेपाशी थांबल्या.

"खूण आहे."

चार पावलं. मग खडी घसरली. मग...

खाली पडल्याचा आवाज आला नाही. त्यानं वाट पाहिली. नाहीच आला.

आणि मागून पुन्हा, लांबून.

टक. टक.

पुन्हा पहिली खूण. पुन्हा तोच सुटल्यासारखा आवाज. पुन्हा कोपराला गारवा. तो ओरडला, थांबा, पुढं वाट नाही. काठ्या थांबल्या नाहीत. तिनं गेलिंदोचं का ऐकावं? ती खुणेचं ऐकत होती.

खडी घसरली.

तिसऱ्या वेळी त्यानं हात आडवा धरला. हाताला काही लागलं नाही. खडी घसरली.

चौथ्या वेळी...

चौथ्या वेळी ती दुसऱ्या खुणेपाशी, त्याच्या शेजारी आली, तेव्हा तो बोलला. बायकोशी नाही, पाद्रीबाबांशी नाही, माझ्याशी नाही, कुणाशी बोलला नव्हता ते.

"ही खूण माझी आहे. मिटवायची होती. मी मिटवली नाही. आठ केल्या आणि वहीत अकरा लिहिलं."

काठ्या थांबल्या.

"तुम्ही गेल्यावर येऊन मिटवली. म्हणून त्यांना दिसली नाही. तुम्ही वाट सोडली नव्हती, बाई."

काही नाही. धुकं. त्याच्या स्वतःच्या श्वासाची वाफ. शेजारी कुणाच्या श्वासाची वाफ नव्हती.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. मग तो पाठमोरा झाला. आलेल्या बाजूला तोंड केलं.

"माझ्या मागं या," तो म्हणाला.

एक पाऊल टाकलं. मागं... टक.

दुसरं टाकलं. टक.

तो चालला. वळण सापडलं. नव्या वाटेला लागला. उतारावर तो सावकाश उतरला, मागच्याला जमेल असा. निसरडा दगड आला की सांगायचा, इथं पाय जपून. ओढ्याच्या फळीपाशी पलीकडं जाऊन उभा राहिला. फळी दोनदा वाजली. एकदा त्याच्या पायाखाली. एकदा नुसतीच.

मागं बघितलं नाही. एकदाही नाही.

पहाटे चारला गावात आला. स्वैपाकघरात दिवा होता. बायको जागी होती. तो दारावरून पुढं गेला. स्टेशनापर्यंत दोन तास चालला. रविवारची पहिली गाडी आली. डब्याचं दार त्यानं थोडा वेळ जास्त धरून ठेवलं. जागा रिकाम्या होत्या, पण तो बसला नाही. पाठीवरची पिशवी काढली नाही. दाराशी उभा राहून गेला.

साडेनऊला मास्तरांच्या दारी पोचला. चर्चच्या घंटा चालू होत्या. मास्तर जायला निघाले होते, कोट घातलेला, टोपी हातात. गेलिंदोला बघून ते घाबरले. बूट चिखलानं भरलेले, डोळे लाल. काय झालं विचारू लागले.

तो उंबऱ्यातच बोलला. सगळं. आठ, अकरा, डबा, ती रात्र, बिस्किटं. कालच्या धुक्याबद्दल एक शब्द काढला नाही. ते सांगितलं असतं तर माफी मागितल्यासारखं झालं असतं.

मास्तरांनी टोपी खुंटीला परत लावली. बराच वेळ त्यांचा हात खुंटीवरच होता.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "तीन वर्षं मी तुमचे आभार मानले."

"होय, मास्तर."

"मी तिच्या फोटोवर रागावलो होतो. रोज रात्री विचारायचो, का गं सोडलीस वाट."

 गेलिंदोला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. मास्तर आत गेले. कागद आणि पेन आणून स्वैपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

"लिहा. तुमच्या हातानं."

कधीही हाकललं जाईल असा माणूस बसतो तसा गेलिंदो खुर्चीच्या कडेवर बसला, पिशवी तशीच पाठीवर. त्याला लिहायला पाऊण तास लागला. ओळी वाकड्या, अर्धे शब्द चुकलेले. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या मास्तरांनी तो कागद वाचला. एक चूक दुरुस्त केली नाही. खाली सही करायला जागा दाखवली.

त्या कागदानंतर चौकशी पुन्हा उघडली. मिकेलावरची ती ओळ खोडली गेली. गेलिंदोचं नाव पथकातून गेलं, मंडळातून गेलं, शिक्षाही झाली. बेप्पीनं त्याच्याशी बोलणं सोडलं. गावात कुणी त्याच्याकडून भिंत बांधून घेतली नाही. त्यानं तक्रार केली नाही. हे सगळं पुढचं. मी त्या सकाळचं सांगतोय.

सही झाली. गेलिंदो उठला. मास्तर म्हणाले की मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, करेन असंही वाटत नाही. पण तुम्ही रात्रभर चाललेले दिसता. कॉफी प्या आणि जा. पिशवी ठेवा ती खाली.

गेलिंदोनं पिशवी उतरवली आणि भिंतीशी टेकवायला वाकला.

मास्तर त्याच्या मागं होते. कॉफीचं भांडं त्यांच्या हातातच राहिलं.

"गेलिंदो..."

"काय, मास्तर?"

 मास्तरांनी हात पुढं केला आणि दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही, तिथं बोट ठेवलं. मग ते बोट गेलिंदोसमोर धरलं.

बोट लाल होतं. रंग ओला होता.

गेलिंदोनं जाकीट काढून टेबलावर पसरलं. वर पांढरा पट्टा, खाली लाल. ब्रशानं मारलेले नव्हते, बोटांनी ओढलेले होते. बारीक बोटं. पिशवी आदल्या दुपारपासून त्याच्या पाठीवर होती. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. पिशवीला रंगाचा एक ठिपका नव्हता.