मास्तरांचा पुढचा दात

तोंडावर रुमाल दाबून तो दातांच्या दवाखान्यात चुकून स्कॅनच्या खोलीत शिरला, तेव्हा ती मशीनची हनुवटी टेकायची पट्टी पुसत होती.

"डॉक्टर... तुम्हीच का?"

"छे! मी फक्त आतलं बघते. पण आलाच आहात तर रुमाल काढा."

तो पोहायला शिकवणारा मास्तर. एका शिष्यानं पाण्यात पाय झाडले, टाच लागली आणि वरचा पुढचा दात गेला.

"हसू नका हं," त्यानं भीत भीत रुमाल काढला.

"हसायचं नाहीये ते तुम्हीच, मास्तर. मशीन डोक्याभोवती फिरेपर्यंत अगदी पुतळा व्हायचं."

"आणि पुतळ्याला शिंक आली तर?"

"तर दोन नाकांचा फोटो निघेल!"

स्क्रीनवर त्याचा जबडा सगळ्या बाजूंनी फिरू लागला. डॉक्टरांनी त्या चित्रातच इम्प्लांटचा स्क्रू बसवून पाहिला. हाड पापुद्र्याएवढं... स्क्रू बाहेर डोकावत होता. आधी हाड भरायचं, ते मुरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा स्कॅन.

ते महिने तिला पिसासारखे हलके गेले. तपासणीला आला की तो तिच्या दारात डोकावायचाच. जगासमोर तोंडावर हात. तिच्यासमोर मात्र खुशाल खदखदून हसायचा. तेवढ्यावर तिनं केवढे इमले बांधले! आईनं सुचवलेल्या मुलालाही "आत्ताच नको गं" म्हणून परतवलं.

दुसऱ्या स्कॅनमध्ये हाड छान भरलेलं दिसलं. स्क्रू अलगद आत मावला.

"दात बसला, की... एक बोलायचंय तुमच्याशी," तो म्हणाला.

"आत्ताच बोला की."

"अंहं. अशा तोंडानं नाही."

ती थांबली. स्क्रू हाडात रुजला, त्यावर दात चढला, आणि तो थेट तिच्याकडे आला. तिनं उगाचच केस सारखे केले.

"कसा दिसतो?"

"दृष्ट लागेल असा."

"मग बोलतोच. तलावावर एकजण येते, भाचीला सोडायला. तिला विचारायचं मनात होतं, तेवढ्यात हा दात गेला. आज विचारतो! तुमच्याशी बोलून बोलूनच धीर आला बघा. तुमच्यासमोर कसली लाज अशी वाटलीच नाही कधी..."

लाज वाटत नाही म्हणजे जीव जडलाय — असं कुठल्या शास्त्रात लिहिलं होतं?

"मला तुम्ही दात नसतानाही आवडला होतात, मास्तर," ती हळूच म्हणाली. हनुवटी टेकवा म्हणावं, इतक्या हळू.

त्याचा चेहरा उतरला. "अहो, पण मी... मी कधी तसं—"

"तसं कधी म्हणाला नाहीत. खरंय. तुमचा काही दोष नाही. जा आता... ती निघून जाईल."

दारापाशी तो घुटमळला. "पुढच्या तपासणीला... येऊ ना?"

"या की. पण सकाळी या," ती पडदा सारत म्हणाली. "सकाळच्या पाळीला दुसरी ताई असते."