तिसरा पाईप

विजयसिंहांची चौसष्ट सालची फियाट एप्रिलात माझ्या उद्यमनगरातल्या गॅरेजात आली. ब्रेकचे सगळे पाईप बदलायचे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको मैथिली हीच गाडी घेऊन जोतिबाहून एकटी उतरत होती. ब्रेक लागले नाहीत. गाडी कठड्यावर आदळली आणि ती गेली. पाईप गंजून फुटला, असं तेव्हा ठरलं. तेव्हापासून गाडी पडून होती; पत्र्याचं काम नुकतंच झालं होतं, ब्रेकला कुणी हात लावला नव्हता. आता विजयसिंहांचं दुसरं लग्न होतं, आणि वरात याच गाडीतून काढायची होती.

पाईप बदलले, ऑईल भरलं, हवा काढली. पेडल घट्ट झालं. शटरला कुलूप लावून घरी गेलो. सकाळी मागच्या डाव्या चाकाखाली ऑईलचं थारोळं. नवा पाईप कापलेला होता. किल्ली माझ्याच खिशात होती.

दुसरा घातला. दुसऱ्या सकाळी तोही तिथंच कापलेला. कापावर लोखंड कापायच्या हॅक्सॉ ब्लेडच्या दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

मग मी काढून टाकलेल्या भंगारातून अपघातातला पाईप शोधला. पुसून उन्हात धरला. गंज वरवरचा होता. त्याच जागी तो पाऊण भाग ब्लेडनं कापलेला होता, उरलेला फाटलेला.

विजयसिंहांना बोलावलं. कापावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"कुणाला दाखवलाय काय?"

"न्हाय."

"मग दाखवू नका."

पाईप घेऊन ते गेले. मी पोलिसांत जायला हवं होतं. गेलो नाही. तिसरा पाईप घातला.

तो टिकला. डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी चालवून आणली. ब्रेक चोख लागत होते.

रविवारी सकाळी विजयसिंह होणाऱ्या बायकोला, अनुजाला, घेऊन आले. तिचा भाऊ त्याच्या गाडीतून सोबत होता. जोतिबापुढं पत्रिका ठेवायला जायचं होतं. अनुजाच्या बाजूचं दार उघडेना. लॉक नव्हता, तरी मी ओढूनही उघडेना. शेवटी विजयसिंह म्हणाले, भावाच्या गाडीतून मागून ये.

ते स्टार्टर मारत होते तेव्हा मी तिला हळूच म्हणालो, "ताई, येतानाबी मागंच ऱ्हावा."

ती भावाच्या गाडीत जाऊन बसली.

उतरताना त्याच कठड्यावर गाडी आदळली. अनुजानं पोलिसांना सांगितलं, सगळ्या उतारभर ब्रेकचे लाल दिवे पेटलेले होते आणि गाडीचा वेग वाढतच होता.

तपासायला मलाच बोलावलं. पाईप अखंड. ऑईल भरलेलं. मागची चाकं उचलून फिरवली आणि पेडल दाबलं.

चाकं जागच्या जागी थांबली.

विजयसिंह वाचले. महिन्यानं दवाखान्यात गेलो. ते कुणाला ओळखत नाहीत. उजवा पाय तेवढा सारखा पुढं दाबतात, झोपेतसुद्धा.

नर्स म्हणाली, आधी कॉटच्या दांडीवर दाबायचे, तळवा सोलून निघाला. म्हणून दांडी काढली.

"आठ दिवस झाले काढून. आता पाय नुसता हवेत दाबतात," ती पट्टी सोडवत म्हणाली. "तरी तळव्याची कातडी रोज नव्यानं सोलून निघतीय."